हॉबी इलेक्ट्रॉनिक्ससाठी सोल्डरिंग आयर्न कसा निवडायचा

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत काउंटरपाशी जाऊन 'सोल्डरिंग आयर्न दाखवा' म्हटलं, की समोरून हमखास प्रश्न येतो, 'किती वॉटचा?' उत्तर तयार नसलं की गिऱ्हाईक '२५ वॉटचा द्या' म्हणून मोकळं होतं. कधी २५ चा खरंच पुरतो. पण वॉटचा आकडा एकटा फारसं काही सांगत नाही. साधा ६० वॉटचा आयर्न बारीक बोर्डाचं पॅड (भागाचा पाय जिथे जोडतात तो तांब्याचा ठिपका) उखडून काढेल, आणि ७० वॉटचं चांगलं स्टेशन, म्हणजे तापमान सांभाळणारा डबा आणि त्याला जोडलेला आयर्न, त्याच पॅडला धक्काही लावणार नाही.

म्हणून मी वॉटपासून सुरुवात करत नाही. आधी काय जोडायचंय ते, मग वॉट आणि उष्णता जोडापर्यंत कशी पोचते ते, मग बिट (आयर्नचं तापणारं टोक), मग अर्थिंग. खालचा लेख त्याच क्रमाने जातो.

१. आधी काय जोडायचंय ते ठरवा

'इलेक्ट्रॉनिक्स करायचंय' एवढ्यावर आयर्न ठरत नाही. पुढच्या सहा महिन्यांत काय काय जोडणार आहात ते कागदावर लिहून काढा. शाळा-कॉलेजचे प्रोजेक्ट, भोकाच्या झिरो बोर्डावरचे रेझिस्टर, एलईडी, आयसीचे सॉकेट हे एक काम. बारीक सरफेस माउंट भाग, म्हणजे भोकात न जाता बोर्डाच्या पाठीवरच बसणारे, हे दुसरं. ०८०५ मापाचा रेझिस्टर २ मि.मी. लांब आणि सव्वा मि.मी. रुंद असतो, तो हाताने लावता येतो, पण त्याला बोथट बिट चालत नाही. तिसरं काम जाड वायरींचं, म्हणजे ड्रोनच्या बॅटरीचा एक्सटी-६० कनेक्टर, ॲम्प्लिफायरची सप्लाय, सोलर चार्जर. आणि चौथं दुरुस्तीचं, म्हणजे जुन्या-नव्या बोर्डांवरचे भाग काढून दुसरे बसवायचं.

आर्डुइनो नॅनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला हेडर (पिनांची पट्टी) लावून बघा, आयर्नची सगळी कुंडली कळते. एकूण ३० पाय, दोन पायांत २.५४ मि.मी. अंतर. बहुतेक पाय दोन-तीन सेकंदांत लागतात. सोल्डर पॅडवर पसरतं, पायाला बिलगून वर चढतं, जोडाला छान उतार येतो. मग जीएनडी (ग्राउंड) लिहिलेला पाय येतो. या पायाचं पॅड बोर्डावरच्या मोठ्या तांब्याच्या पत्र्याला जोडलेलं असतं. तुम्ही दिलेली उष्णता तो पत्रा ओढून घेतो. कमकुवत आयर्न असेल तर सोल्डर पायावर वितळतं पण पॅडवर उतरत नाही, वर गोळी होऊन बसतं. लांबून जोड लागल्यासारखा दिसतो, भिंगातून पाहिलं की गोळीखाली पॅड कोरडं. असा पाय आज चालतो, उद्या हलवला की बंद.

आयर्नची खरी परीक्षा या पायावर होते. बाकीचे पाय तर कुठलाही आयर्न लावतो.

एक अपवाद इथेच सांगतो. १८६५० चे लिथियम सेल थेट सोल्डर करायचे नाहीत, मग आयर्न कितीही भारी असो. सेलच्या तोंडाशी उष्णता गेली की आतलं सील आणि विभाजक बिघडतात. त्यासाठी स्पॉट वेल्डिंग केलेल्या निकेल पट्टीचे सेल मिळतात. सोल्डर करायचं ते पट्टीच्या टोकाला, सेलपासून लांब.

२. वॉट: कधी कमी हवा, कधी जास्त

साध्या आयर्नला तापमानाचं भान नसतं. आत नायक्रोमच्या तारेचं कॉइल, त्यात बिट खोचलेली. प्लग लावला की कॉइल सतत पूर्ण ताकदीने तापत राहतं. हवेत जाणारी उष्णता आणि कॉइलची उष्णता सारखी झाली की तापमान स्थिरावतं. हा आकडा तुमच्या हातात नाही. वॉट वाढवलात की स्टँडवर नुसता पडलेला आयर्नसुद्धा जास्त तापतो, बिट काळी पडते, सोल्डरमधली राळ (म्हणजे फ्लक्स, सोल्डर नीट पसरवणारं द्रव्य) जोड लागायच्या आत जळून जाते, आणि पॅडखालचा गोंद सुटतो. म्हणून कंट्रोल नसलेल्या आयर्नसाठी बोर्डाच्या कामाला २५ वॉट, फार तर ३५.

कंट्रोल असलेल्या आयर्नचा हिशोब नेमका उलटा. तिथे सेन्सर टोकाचं तापमान सांगतो आणि तेवढीच वीज आत सोडली जाते. ७० वॉट ही त्याची कमाल ताकद. नुसता पडलेला असताना तो थोडीच वीज घेतो. जीएनडीच्या पायाला टेकवलात, टोक थंडावलं, की सगळी ताकद कामाला लागते. अशा आयर्नमध्ये वॉट जास्त असलेले बरे, कारण जाड जोडावरही ३२० अंशांना लावलेला आयर्न ३२० च्या आसपास टिकून राहतो. तापमान मुद्दाम ४०० वर न्यायची गरज पडत नाही.

साध्या आयर्नवर वीज मंडळाची मर्जीही चालते. कॉइलचा रेझिस्टन्स जवळपास तोच राहतो, त्यामुळे वॉट व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलतात. २३० व्होल्टवर २५ वॉटचा आयर्न २०० व्होल्टवर १९ वॉटचा होतो, आणि १८० वर जेमतेम १५ चा. गावाकडे संध्याकाळी शेतीपंप सुरू झाल्यावर व्होल्टेज पडत असेल, तर तिथे 'आयर्न खराब निघाला' अशी तक्रार करण्याआधी मीटर लावून बघा. अशा ठिकाणी साधाच घ्यायचा तर ३५ वॉटचा घ्या. कंट्रोल असलेल्या स्टेशनला, विशेषतः स्विच मोड सप्लायवर चालणाऱ्याला, हा फरक जाणवतही नाही.

३. बिट: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

नवशिक्याला वाटतं की काम बारीक म्हणजे टोक सुईसारखं हवं. दुकानदारही आयर्नबरोबर टोकदार शंकू आकाराची बिट देतो. प्रत्यक्षात ही बिट बोर्डाला एका बिंदूत टेकते आणि त्या बिंदूतून उष्णता जातच नाही. टोकाशी धातूही थोडाच, त्यामुळे टेकवल्याबरोबर तो भाग थंड होतो. पातळ तव्यावर भाकरी टाकल्यासारखं होतं ते: तवा लगेच निवतो, भाकरी कच्चीच राहते.

बोर्डाच्या रोजच्या कामाला छिन्नीसारखी चपटी बिट घ्या, तोंड २ ते २.४ मि.मी. रुंद. चपटी बाजू एकाच वेळी पायालाही टेकते आणि पॅडलाही. बारीक काम आलं तर तीच बिट कडेवर फिरवायची. ०८०५ च्या भागांसाठी १.६ मि.मी.ची दुसरी जवळ असावी. चाकूच्या पात्यासारखी बिट, जिला बाजारात 'के' म्हणतात, तीही फार उपयोगी. आयसीच्या एका बाजूचे सगळे पाय फ्लक्स लावून एका ओढीत लावता येतात, आणि पात्याची पूर्ण बाजू टेकवली की जाड वायरही तापते. एकच बिट ठेवायची सक्ती केली तर मी २.४ ची छिन्नी ठेवेन. 'के' वाल्यांशी याबाबतीत माझं कधी जमलेलं नाही.

आता बिट कशाची आहे ते. साध्या स्वस्त आयर्नमध्ये नुसत्या तांब्याची बिट येते. तांबं उष्णता उत्तम वाहून नेतं, पण सोल्डरमधलं कथील तांब्याला हळूहळू विरघळवतं. काही दिवसांत टोकाला खड्डा पडतो. ही बिट कानशीने घासून पुन्हा आकारात आणता येते. चांगल्या बिटमध्ये आत तांबं आणि वर लोखंडाचा मुलामा असतो. लोखंड कथिलात फार सावकाश विरघळतं, त्यामुळे ती खूप टिकते. पण तिला कानस किंवा पॉलिश पेपर लावला की मुलामा गेला आणि बिटही गेली. तेव्हा विकत घेतानाच विचारा: तांब्याची की मुलाम्याची? उत्तर 'दोन्ही एकच' असं आलं तर दुसरं दुकान बघा.

त्या आयर्नची बिट तुमच्या गावात मिळते का, हेही आत्ताच बघायचं. सोल्ड्रॉनसारख्या जुन्या देशी आयर्नच्या बिट्स तालुक्याच्या ठिकाणीही सापडतात. हाक्को या जपानी कंपनीच्या ९३६ च्या धर्तीवर बनलेल्या स्टेशनला ९००एम जातीची बिट लागते, ती भारतात सगळीकडे आहे. टी१२ (हीटर आणि बिट एकाच कांडीत, पुढे येईलच) ऑनलाइन सहज मिळते. पण ज्या आयर्नची बिट फक्त त्याच कंपनीची आणि तीही कुठे सापडत नाही, तो कितीही देखणा असला तरी मी घेत नाही.

४. अर्थिंग: हे टाळून पुढे जाऊ नका

दोन पिनांचा आयर्न स्वस्त पडतो आणि कुठल्याही सॉकेटमध्ये लागतो. पण कॉइल आणि बिट यांच्यामध्ये अभ्रकाचा किंवा सिरॅमिकचा पातळ थर असतो, आणि तो जुना झाला की बिटवर थोडा करंट उतरू लागतो. बोटाला झिणझिण्या येतात ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे मॉसफेट (एक नाजूक ट्रान्झिस्टर) किंवा मायक्रोकंट्रोलर जोडताना गुपचूप मरतो, आणि दोष मात्र आपल्या प्रोग्रामला जातो.

तीन पिनांचा आयर्न घ्या आणि तो तपासून घ्या. आयर्न थंड, प्लग बाहेर. मल्टिमीटर कमी ओहमच्या रेंजवर ठेवा. एक प्रोब प्लगच्या जाड मोठ्या पिनेला, दुसरा बिटच्या टोकाला. एखाद-दुसरा ओहम दाखवला की ठीक. काहीच दाखवत नसेल तर तिसरी पिन शोभेची आहे. मग मीटर सगळ्यात मोठ्या ओहमच्या रेंजवर न्या आणि बारीक दोन पिनांपैकी एकेक व बिट यांच्यामध्ये बघा. इथे काहीच यायला नको. मल्टिमीटर ही तपासणी अगदी थोड्या व्होल्टवर करतो, त्यामुळे आकडा आला तर माल नक्की वाईट, आणि नाही आला तर तूर्त ठीक, एवढाच अर्थ घ्यायचा.

घरातल्या सॉकेटला अर्थ आहे का, हाही प्रश्न आहेच. जुन्या चाळींत आणि वाड्यांत वरचं मोठं भोक असतं, मागे वायर नसते. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये एसी व्होल्टेज २३० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थ यांच्यामध्ये अगदी थोडं यायला हवं. सॉकेटमध्ये प्रोब घालायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, यात कमीपणा नाही.

यूएसबी-सीवर चालणाऱ्या आयर्नची गंमत वेगळी. दोन पिनांच्या चार्जरमध्ये विजेतला गोंगाट कमी करायला बारीक कपॅसिटर असतात. त्यांच्यातून आयर्नच्या बिटवर तरंगतं एसी व्होल्टेज येतं. करंट नगण्य असतो, जिवाला धोका नाही, पण नाजूक आयसीला हे चालत नाही. त्यासाठी काही आयर्नच्या मागे अर्थची वायर लावायला स्क्रू दिलेला असतो. तो वापरा.

बिटला अर्थ आहे म्हणजे चालू सर्किटवर आयर्न टेकवायचा नाही, हे ओघानेच आलं. टेकवलात तर शॉर्ट होतो.

५. बाजारात काय आहे, आणि कोणी काय घ्यावं

खालच्या किमती ढोबळ आहेत, दुकानागणिक आणि महिन्यागणिक हलतात.

साधा २५ वॉटचा आयर्न २०० ते ४०० रुपयांत मिळतो. नुकतं शिकायला सुरुवात केलेल्या मुलाला, वर्षातून चार वेळा वायर जोडणाऱ्याला हाच पुरे. दोन गोष्टी पाहा: बिट मुलाम्याची आणि वायर तीन पिनांची. याची बिट एका स्क्रूने धरलेली असते. स्क्रू सैल करून बिट थोडी बाहेर ओढली तर टोक जरा कमी तापतं, आत ढकलली तर जास्त. फुकटातला कंट्रोल म्हणायला हरकत नाही. अधूनमधून आयर्न पूर्ण थंड झाल्यावर बिट बाहेर काढून आतली खपली झटकून टाका, नाहीतर ती अशी जाम बसते की काढताना कॉइलच तुटतं.

मुठीवर फिरवायचं बटण असलेला ६० वॉटचा 'ॲडजस्टेबल' आयर्न ऑनलाइन सगळ्यात जास्त खपतो. पाचशेच्या आसपास मिळतो, सोबत बिट्स, स्टँड, चिमटा, सगळं डब्यात. बटणाभोवती २०० ते ४५० असे आकडे छापलेले असतात. यातल्या कित्येकांत सेन्सर नसतोच. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं सर्किट नुसती वीज कमी-जास्त करतं आणि आकडे केवळ छापलेले. ओळखायचं असेल तर उघडा. हीटरला चार वायरी असतील तर सहसा दोन हीटरच्या आणि दोन सेन्सरच्या. दोनच असतील तर बहुतेक वेळा ते नुसतं रेग्युलेटर.  हा प्रकार मी कोणाला सुचवत नाही. एवढ्या पैशांत साधा चांगला आयर्न आणि दोन सुट्या बिट्स येतात.

९३६ जातीचं स्टेशन म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा डबा, आयर्न २४ व्होल्टवर, सिरॅमिक हीटरच्या आत सेन्सर. दीड-दोन हजारांपासून सुरू होतं. मजबूत, दुरुस्त करता येतं, सुटा हीटरही मिळतो. एक उणीव आहे. बिट पोकळ असते आणि हीटरवर टोपणासारखी बसते. मध्ये हवेची पोकळी राहते, सेन्सर टोकापासून लांब पडतो. त्यामुळे मोठ्या जोडावर टोक थंडावलं तरी स्टेशनला ते उशिरा कळतं. रोज थोडं थोडं काम करणाऱ्यासाठी तरीही उत्तम.

टी१२ मध्ये हीटर, सेन्सर आणि बिट एकाच कांडीत असतात. कांडीचा रेझिस्टन्स ८ ओहमच्या जवळपास, २४ व्होल्टवर सुमारे ७० वॉट. दहा-पंधरा सेकंदांत तापतो आणि जीएनडीचा पाय हसत लावतो. हाक्कोची ही पद्धत आता अनेक चिनी स्टेशनांत मिळते, अडीच-तीन हजारांपासून पुढे. हॉबी मनावर घेतलेल्याने थेट हेच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. मधली पायरी म्हणून आधी स्वस्त 'ॲडजस्टेबल', मग ९३६, मग हे, असा प्रवास करण्यात पैसे जातात. घेताना अर्थिंगची तपासणी मात्र दुप्पट काळजीने करा. काही स्वस्त स्टेशनांत बिट अर्थला जोडलेलीच नसते. कांडी महाग असते, पण मुलाम्याची असल्याने टिकते.

यूएसबी-सीचे पेनसारखे आयर्न, पाइनसिल किंवा टीएस१०१ सारखे, हॉस्टेलच्या खोलीत राहणाऱ्याला आणि प्रवासात काम करणाऱ्याला वरदान. मूठ ते टोक अंतर कमी, त्यामुळे हात स्थिर राहतो. पण त्यांची ताकद चार्जरवर ठरते. ८ ओहमच्या बिटला २० व्होल्ट मिळाले तर ५० वॉट, १२ व्होल्ट मिळाले तर १८, आणि ९ व्होल्टवर १० वॉट. लॅपटॉपचा ६५ वॉटचा पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) चार्जर असेल तरच घ्या. मोबाइलबरोबर आलेल्या चार्जरवर '६५ वॉट' लिहिलेलं असलं तरी तो बरेचदा त्या कंपनीच्याच फोनला ती ताकद देतो. बाकीच्यांना ५ किंवा ९ व्होल्टच. आयर्न तापायला पाच मिनिटं लागली तर आयर्नला दोष देऊ नका.

पिस्तुलासारखी सोल्डरिंग गन बोर्डासाठी नाहीच. तिच्या टोकातून मोठा करंट वाहतो, भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि तापमानाला धरबंध नसतो. ती जाड वायरींची आणि पत्र्याची. हाक्को, वेलर, जेबीसी यांची अस्सल स्टेशनं अप्रतिम असतात, आणि दहा हजारांच्या पुढेच सुरू होतात. रोजीरोटी त्यावर असेल तर घ्या.

६. दुकानात उभ्या उभ्या काय बघायचं

मल्टिमीटर घेऊन जा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे.

साधा आयर्न असेल तर प्लगच्या दोन बारीक पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा. २५ वॉटला साधारण २१०० ओहम, ३५ वॉटला १५००, ६० वॉटला ८८०. हिशोब सोपा आहे, २३० चा वर्ग भागिले वॉट. डब्यावर ६० आणि मीटरवर १५०० असेल तर तुम्ही ३५ वॉटचा आयर्न ६० च्या भावात घेताय. सिरॅमिक हीटरच्या आयर्नला हा हिशोब लागू नाही, कारण त्याचा थंडपणीचा रेझिस्टन्स बराच कमी असतो आणि तापताना वाढतो.

त्यानंतर बिट बोटाने हलवून बघा, हलता कामा नये. वायर वाकवून बघा. कडक पीव्हीसीची वायर हाताला सतत ओढत राहते, आणि गरम बिट लागली की तिचं इन्सुलेशन वितळून आतली तांब्याची तार उघडी पडते. सिलिकॉनची मऊ वायर असेल तर शंभर रुपये जास्त द्यायला हरकत नाही. मूठ पेनासारखी धरून टोक कागदावरच्या एका ठिपक्यावर ठेवा. हात किती थरथरतो त्यावरून मूठ लांब आहे का कळेल. स्टँड जड हवा. पत्र्याचा हलका त्रिकोणी स्टँड आयर्नसकट मांडीवर येतो.

७. घरी आणल्यावर पहिला अर्धा तास

खिडकी उघडा. नव्या आयर्नच्या हीटरवरचं तेल आणि चिकट द्रव्य पहिल्यांदा जळतं, धूर येतो, घाबरायचं कारण नाही. पण तापत असतानाच, सोल्डर वितळू लागल्याबरोबर, बिटच्या टोकाला राळेचं सोल्डर भरपूर लावा. टोक चांदीसारखं चकचकीत व्हायला हवं. ते कोरडं तापत राहिलं तर मुलाम्यावर काळा थर चढतो आणि नंतर सोल्डर त्यावर थांबतच नाही, गोळी होऊन घरंगळतं. काम संपल्यावरही टोकाला सोल्डरचा थेंब ठेवूनच बंद करायचं.

तापमानाचा आकडा खरा आहे का, हे थर्मामीटरशिवाय बघता येतं. ६३/३७ चं (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर बरोबर १८३ अंशांवर वितळतं. ज्या स्टेशनचा आकडा १८३ च्या खाली जातो ते सगळ्यात खाली आणा, टोकाला सोल्डर टेकवा, आणि दहा-दहा अंशांनी वर जा. प्रत्येक वेळी तापमान स्थिर व्हायला थोडं थांबा. १९० ते २०० च्या दरम्यान वितळलं तर आकडा विश्वासाचा. १५० लावलेलं असताना धडाधड वितळत असेल, तर आकडे छापील आहेत. शिसं नसलेलं सोल्डर असेल तर २१७ ते २२७ अंश धरा, मिश्रणाप्रमाणे.

रोजच्या कामाला शिशाच्या सोल्डरसाठी ३२० ते ३५०, बिनशिशाच्या सोल्डरसाठी ३५० ते ३८०. जुलै २००६ पासून युरोपात शिशावर बंदी आल्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक कारखानी बोर्डांवर बिनशिशाचं सोल्डर असतं. दुरुस्तीच्या वेळी ते हट्टी वाटतं ते यामुळे. त्यावर थोडं शिशाचं सोल्डर आणि फ्लक्स मिसळून मग भाग काढा, पटकन सुटतो.

बिट पुसायला ओल्या स्पंजपेक्षा पितळेच्या तारांचा गुंता बरा, टोक एकदम थंड होत नाही. स्पंजच वापरणार असाल तर ओला करून घट्ट पिळलेला हवा. दहा मिनिटं काम थांबणार असेल तर तापमान २०० वर आणा किंवा बंद करा.

८. आयर्नच्या जोडीला

०.८ मि.मी. जाडीचं, आत राळ असलेलं ६०/४० किंवा ६३/३७ सोल्डर घ्या. बारीक कामाला ०.५ चं. नाव नसलेली स्वस्त रिळं टाळा. त्यातलं कथील कमी असतं, जोड राखाडी आणि ठिसूळ होतो, आणि माणूस बिचारा आयर्नचं तापमान वाढवत बसतो. फ्लक्स वेगळा घ्यायचा तर राळेचा किंवा 'नो-क्लीन' लिहिलेला. नळाच्या आणि पत्र्याच्या कामाला जी ॲसिडवाली पेस्ट मिळते ती बोर्डावर लावू नका, काही महिन्यांत तांबं हिरवं पडतं.

धुरात शिसं नसतं, ३५० अंशांवर त्याची वाफ होत नाही. धूर राळेचा असतो, आणि तोच फुप्फुसांना त्रास देतो. दमा असलेल्यांनी विशेष जपावं. छोटा पंखा असा लावा की धूर तुमच्यापासून लांब ओढला जाईल. शिसं हाताला लागतं आणि तिथून पोटात जातं, तेव्हा सोल्डरची तार तोंडात धरायची नाही, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवूनच चहा घ्यायचा.